शेख लहबीबची साक्ष

१

शेख लहबीबला माणूस ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नसे. तोंडाचा काय भरवसा, ते वयाबरोबर बदलतं, आणि हमादाच्या या दगडी माळावर तर निम्मा दिवस फडक्यात गुंडाळलेलं असतं. पाऊल मात्र बापाकडून येतं आणि मरेपर्यंत तसंच राहतं, असं त्याचं मत होतं. चाळीस वर्षं उंट राखलेल्या माणसाचं मत, त्यामुळे निर्वासितांच्या छावणीत त्यावर कुणी वाद घालत नसे.

रोज सकाळी मतदारयादी करणाऱ्या आयोगाची पांढरी गाडी त्याला ओळख पटवण्याच्या तंबूपाशी सोडून जायची. तो लगेच आत शिरत नसे. हात पाठीमागे बांधून, जणू चहा जिरवतोय अशा थाटात, तंबूभोवती एक फेरी मारायचा. समोरची वाळू बायकांनी पहाटेच झाडून सपाट केलेली असे. तिच्यावरून अर्जदार चालत येत, दाराशी चटईवर वहाणा काढत आणि आत जाऊन बसत. लहबीबची फेरी संपेपर्यंत आत कोण कोण आलंय, कुणाच्या बापाचा तंबू कोणत्या विहिरीवर पडायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात तयार असे. मग आयोगाच्या इनेसबाईंनी यादीतलं नाव वाचायचा अवकाश, हा डोळे मिटून बोलू लागायचा. दोन्ही बाजूंचे निरीक्षक तोंडात बोट घालत. म्हाताऱ्याला काहीतरी सिद्धी आहे असं त्यांना वाटे. लहबीबनं त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

काम सांगायला सोपं होतं. हा मुलूख कुणाचा, हे मतदान घेऊन ठरवायचं होतं. पण मत कुणी द्यायचं, यावरच घोडं अडलं होतं. कागदपत्रं कुणाजवळ नव्हती. स्पॅनिश साहेब निघून जाताना एक शिरगणती करून गेले होते, तेवढाच काय तो आधार. शेवटी ठरलं की प्रत्येक कुळाचे दोन शेख शेजारी शेजारी बसवायचे, एक छावणीतला आणि एक, मुलूख दुभागणाऱ्या भिंतीपलीकडच्या शहरातला. अर्जदारानं समोर येऊन बापाचं, आजाचं, विहिरीचं नाव सांगायचं. शेखांनी एकच उत्तर द्यायचं. ओळखतो, नाहीतर ओळखत नाही. तिसऱ्या उत्तराला कागदावर जागाच नव्हती.

चार वर्षांत लहबीबनं चार हजार शंभर माणसं ओळखली होती आणि एकदाही त्याची जीभ अडखळली नव्हती. आता त्याच्या कुळाची यादी संपत आली होती. शेवटचे तीन दिवस उरले होते, आणि त्यानंतर आपण सुखानं मरायला मोकळे, असं तो चारचौघांत हसत सांगायचा.

त्या तीनपैकी पहिल्या सकाळी फेरी संपवून त्यानं सवयीनं चटईवरच्या वहाणांचे जोड मोजले. अकरा होते. मग आत डोकावून माणसं मोजली. ती बारा होती.

२

मोजायला चुकलो असेन, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चहा करणारी बाई धरली असेल मोजण्यात. आणि खरंच, दुपारपर्यंत अकरा नावं पुकारली गेली, अकरा माणसं उठून पुढे आली आणि तंबू रिकामा झाला. म्हणजे तो विषय संपला.

पण वाळूवर एक अनवाणी माग होता.

हमादावर अनवाणी कुणी चालत नाही. इथली गारगोटी वस्तऱ्यासारखी लागते आणि नऊ वाजल्यानंतर तव्यासारखी तापते. तरी कुणीतरी पश्चिमेकडून, म्हणजे भिंतीच्या बाजूनं, सरळ चालत आलं होतं. झाडलेली वाळू ओलांडून चटईपर्यंत पोचलं होतं. डाव्या पायाची करंगळी बाहेर फेकलेली दिसत होती. लहबीबनं तेवढंच पाहिलं आणि नजर काढून घेतली. निघताना मात्र न राहवून पुन्हा पाहिलं, तर येणारी पावलं होती, जाणारी नव्हती.

वारा, असं तो मनात म्हणाला. आयुष्यभर माग काढलेला माणूस मागाबद्दल वाऱ्याला दोष देतो तेव्हा त्याचं त्यालाच हसू यायला हवं होतं. त्याला ते आलं नाही.

त्याच्या शेजारी बसायचा तो शहरातला शेख सिदाती. दोघं सख्खे चुलतभाऊ, एकाच उंटिणीच्या दुधावर वाढलेले. मध्ये बावीस वर्षं आणि एक लांबलचक भिंत गेली, आणि आता आयोगाचं विमान सिदातीला आणून सोडायचं आणि परत न्यायचं. दोघांनी आपसात खाजगी बोलायचं नाही असा नियम होता. निरीक्षकांना ऐकू येईल असं खुशाल बोलावं. सिदातीची दृष्टी गेली होती. तो माणूस आवाजावरून ओळखायचा, आणि शंका आलीच तर हात हातात घेऊन. त्या दिवशी चहाच्या रिवाजातल्या तिसऱ्या, शेवटच्या पेल्याच्या वेळी त्यानं लहबीबला विचारलं, “आज तुझा श्वास का रे चढलाय? म्हातारपणी परत लग्नबिग्न करतोयस की काय?”

“तुझ्यासारख्या आंधळ्याला करवला करणार आहे,” लहबीब म्हणाला. निरीक्षक हसले. सिदाती हसला नाही, त्यानं मान कलती करून दाराकडे कान लावला.

“वाळू झाडून घेत जा रे इथली,” तो म्हणाला. “कुणीतरी सारखं दारात पाय घासतंय.”

दारात कुणी नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी तो माग चटईपाशी थांबला नव्हता. आत आला होता. लाल सतरंजीच्या काठावर वाळूचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी, टाचा दाराकडे. जणू कुणी आपला नंबर येण्याची वाट बघत उभं होतं.

आता लहबीबला राग आला, आणि राग आला की त्याला बरं वाटायचं. ही पलीकडच्या लोकांची चाल आहे, त्यानं ठरवलं. शेवटच्या तीन दिवसांत म्हाताऱ्याला घाबरवायचं आणि त्याच्याकडून एखादी चूक करून घ्यायची. यादी सुरू झाली तेव्हाच नियम वाचून दाखवला होता, की एखाद्या शेखची एक साक्ष खोटी निघाली तर त्यानं ओळखलेली सगळी नावं पुन्हा उघडायची. चार हजार शंभर नावं. त्यातले निम्मे म्हातारे एव्हाना कबरीत गेले होते, आणि उरलेल्यांना बाप, आजा, विहीर पुन्हा सिद्ध करत बसावं लागलं असतं. अख्खं कुळ यादीतून गळालं असतं. म्हणजे कुणीतरी शिकून तयार होऊन आलंय, आणि त्याला माहीत आहे नेमकं कुठे बोट ठेवायचं ते.

कारण लहबीबची एक साक्ष खोटी होती.

चहाच्या सुट्टीत तो दाराशी वहाणा चढवायचं निमित्त करून खाली वाकला आणि वाळूतल्या ठशावर वीत टाकली. एक वीत आणि तीन बोटं. करंगळी मोडलेली. ती मोडली तेव्हा लहबीब तिथंच होता. तीन वर्षांच्या पोराच्या पायावर उंटानं पाय दिला होता, आणि उंटाला तिकडे हाकलणारा लहबीबच होता. पाऊल त्याच्या धाकट्या भावाचं होतं. लारोसीचं.

वाकलेला माणूस उठला तेव्हा त्याच्या पाठीत कळ आली. पण चेहरा त्यानं पडू दिला नाही. नक्कल करणारा हुशार आहे, एवढंच तो मनाशी म्हणाला.

४

लारोसीची गोष्ट छावणीत सगळ्यांना पाठ होती, कारण लहबीबनंच ती अनेकदा सांगितली होती. बावीस वर्षांपूर्वी सगळं कुळ पूर्वेकडे पळत असताना आकाशात विमानं फिरत होती. लारोसी एकोणीस वर्षांचा, तापानं फणफणलेला. लहबीबनं त्याला तिगिसितच्या विहिरीजवळ एका बाभळीखाली निजवलं, पाण्याची पखाल आणि घोंगडी त्याच्या उशाशी ठेवली, आणि मागून येणाऱ्या तांड्याला निरोप पाठवला. तांडा दुसऱ्याच वाटेनं गेला. इतकी ती गोष्ट.

आईला त्यानं सांगितलं, मागून येतोय. आईनं ते अठरा वर्षं धरून ठेवलं. मग आयोग आला आणि शिरगणतीतली नावं वाचायला लागला, यातले मेले कोण आणि हयात कोण ते सांगा म्हणून. लारोसीचं नाव आलं त्या दिवशी आई तंबूच्या कडेला बसली होती, स्वतःच्या नावाची वाट बघत. तिनं लहबीबकडे पाहिलं.

“हयात,” लहबीब म्हणाला. “तिरिसच्या बाजूला उंट घेऊन असतो. बोलावलं की येईल.”

इनेसबाईंनी लिहून घेतलं. शेखनं सांगितलं म्हणजे माणूस आहे. या मुलखात दुसरा दाखलाच नव्हता. त्याच हिवाळ्यात आई गेली, शांतपणे गेली. लहबीबला त्या खोटेपणाबद्दल कधी वाईट वाटलं नाही. बोलावणं कुणाच्या तरी हाती पडेल, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ठशावर वीत टाकली त्या दुपारी तो घरी आला तेव्हा सुएलमा, त्याची बायको, पहिला पेला ओतूनच बसली होती. त्यानं विचारायच्या आधी तिनं सांगून टाकलं, की तुमचा माग मला दहा तंबूंपासून दिसतो. उजवी टाच ओढत, टायरच्या तळव्यांच्या वहाणा घालून चालणारा माणूस अख्ख्या छावणीत एकच आहे. माग वळला की मी पाणी ठेवते.

“माणूस न बघता चहा ठेवतेस?”

“चाळीस वर्षं झाली. माणूस काय बघायचा आता?” ती म्हणाली. मग पेल्यात फेस धरत तिनं सहज सांगितलं, की सकाळी बाहेरून कुणीतरी सलाम केला. तिनं विचारलं कोण आहे, आत या. आला नाही. नाव विचारलं तर सांगितलं नाही.

“मग काय म्हणाला?”

“म्हणाला, शेख सांगतील.” सुएलमानं खांदे उडवले. “तुमचाच कुणी अर्जदार असेल. बिचारा उन्हात उभा होता. आवाज कोरडा पडलेला अगदी.”

कुणी ओळखून आत बोलावल्याखेरीज पाहुणा तंबूत पाय टाकत नाही, ही इथली जुनी रीत. लहबीबनं त्या दिवशी पहिल्यांदाच तिसरा पेला तसाच सोडला.

५

तिसऱ्या सकाळी त्यानं फेरी मारली नाही. हा त्याचा निर्णय होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. थेट आत गेला, सिदातीच्या शेजारी बसला, पाठ ताठ ठेवली. नक्कल करणाऱ्याला कसं उघडं पाडायचं हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. प्रत्येक शेखला अर्जदाराला एक प्रश्न विचारायचा हक्क होता. तो एकच प्रश्न पुरेसा होता.

दहा नावं झाली. अकरावं झालं. माणसं उठून गेली, वहाणा घालून बाहेर पडली. तंबूत आता टेबल, कागद, चौघं निरीक्षक, इनेसबाई आणि दोन म्हातारे उरले. इनेसबाईंनी शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवली.

“लारोसी उल्द एम्बारेक.”

मागच्या बाजूला कनात हलली. कुणीतरी तिथं बसून होतं आणि आता उठत होतं. लहबीबनं मान वर केली नाही. त्याला सतरंजीवरून येणारे पाय दिसले. राखाडी, कोरडे, टाचांना भेगा, पण भेगांत रक्त नाही. डावी करंगळी बाहेर. दोन पावलं टाकून ते खुर्चीपाशी थांबले.

इनेसबाईंनी चेहऱ्यावरचं फडकं काढायला सांगितलं. कापडाची सळसळ झाली. त्या बाई चार वर्षं हेच काम करत होत्या; त्या कागदाकडे बघत लिहीत राहिल्या, आणि मग लिहिता लिहिता क्षणभर थांबल्या. बस, एवढंच. लहबीबनं त्यांच्या पेनाकडे पाहिलं, वर नाही.

बाप कोण, आजा कोण, उंटांवर डाग कोणता, सगळं बरोबर आलं. आवाज घाईत नव्हता. शिकून आलेला माणूस घाई करतो, हे लहबीबला माहीत होतं.

“सध्या राहता कुठे?” इनेसबाईंनी विचारलं. “छावणीत की शहरात?”

“मध्ये.”

एक निरीक्षक हसला. बाईंनी समजावलं, की कागदावर दोनच चौकटी आहेत, भिंतीच्या अलीकडे किंवा पलीकडे.

“बाभळ अलीकडे राहिली,” आवाज म्हणाला. “विहीर पलीकडे गेली. भिंत घातली तेव्हा मी तिथंच होतो. कुणी ऊठ म्हणालं नाही.”

बाईंनी दोन्ही चौकटी मोकळ्या ठेवल्या. लहबीबला तिगिसितचा तो तुकडा माहीत होता. आता तिथं सुरुंग पेरलेले होते आणि दोन्ही बाजूंचे नकाशे त्याला आपलं म्हणत होते. गेली कित्येक वर्षं तिथं कुणी पाय ठेवलेला नव्हता.

मग सिदातीची पाळी आली. त्यानं हात पुढे केला, तो हातात घेतला गेला, आणि म्हाताऱ्याची बोटं मनगटावरून कोपरापर्यंत गेली, तिथून चेहऱ्याकडे चढली. अर्ध्या वाटेत ती थांबली. सिदातीनं हात मागे घेतला आणि आपल्या झग्याला पुसला, सावकाश, दोनदा.

“बाई,” तो म्हणाला, “तुमच्या कागदावर ओळखतो का, एवढंच विचारलंय ना?”

“एवढंच.”

“मग लिहा. ओळखतो. दुसरं काही मला विचारू नका.”

६

आता सगळे लहबीबकडे बघत होते. पलीकडचा निरीक्षक पुढे सरसावून बसला होता. त्याच्या पुढ्यात चार वर्षांपूर्वीचा कागद उघडा होता आणि त्यावर लहबीबचा शब्द होता. हयात, बोलावलं की येईल.

लहबीबनं घसा साफ केला. जो प्रश्न त्यानं रात्रभर घासून ठेवला होता, त्यावर त्याचा अजून पूर्ण भरवसा होता. छावणीतलं कुणीही पोर सांगेल, पखाल आणि घोंगडी. नक्कल करणाराही तेच सांगेल, आणि मग लहबीब म्हणेल, की भाऊ हयात आहे पण हा तो नव्हे. त्याचा जुना शब्द खरा राहील आणि हे पाय जिथून आले तिथं जातील.

“मी निघालो तेव्हा तुझ्याजवळ काय ठेवलं?” त्यानं विचारलं.

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं.

“काही नाही ठेवलंस, दादा. माझ्या वहाणा घेऊन गेलास.”

इनेसबाईंनी मान वर केली.

“पखाल एकच होती, पुढे माणसं पाच होती. ते मी समजलो,” आवाज म्हणाला. “वहाणा का नेल्यास ते मला बरेच दिवस समजलं नव्हतं. मग समजलं. मी उठून मागोमाग येऊ नये म्हणून.”

बावीस वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. लहबीब स्वतःशीसुद्धा नाही. आपल्या वहाणा फाटल्या होत्या असंच तो मनात म्हणत आला होता, आणि त्या खरंच फाटल्या होत्या. पण तापातला लारोसी दर अर्ध्या तासानं उठून चालायला लागायचा, हेही खरं होतं. आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी थांबत होते, हेही. अनवाणी माणूस गारगोटीवर शंभर पावलंसुद्धा जात नाही. वहाणा पायात अडकवून निघताना लहबीबनं मागं वळून म्हटलं होतं, इथंच थांब, घरी मी सांगतो. त्याला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

“शेख,” इनेसबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ओळखता?”

त्यानं अजूनही वर पाहिलं नाही. नाही म्हणावं, तर त्याचाच कागद समोर होता, आणि निरीक्षक पहिला धागा ओढायला टपलेला होता. हा प्रश्न तुम्हीच विचारलात, त्याच्या उत्तरानं तुमचा चेहरा का उतरला, असं त्यानं विचारलं असतं. मग चार हजार शंभर नावं उसवली असती. हो म्हणावं, तर काय होणार होतं? एक नाव वाढणार. यादी पूर्ण होणार. बाई कागद बंद करणार. लहबीबनं छाती भरून श्वास घेतला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं.

“ओळखतो.”

समोरच्याच्या अंगठ्याला शाई लागली, तो कागदावर टेकला गेला. इनेसबाईंनी तो ठसा उजेडात धरून पाहिला, पुन्हा एकदा टेकवायला सांगितला, आणि मग कागद पालथा ठेवला. लहबीबला एवढंच दिसलं, की काळ्या गोलात एकही रेघ नव्हती. नदीतल्या गोट्याचा असावा तसा गुळगुळीत डाग होता.

पाय वळले आणि दाराकडे गेले.

७

आणि काही झालं नाही. निरीक्षकांनी सह्या केल्या. इनेसबाईंनी दोन्ही म्हाताऱ्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. सिदातीला विमान गाठायचं होतं. त्यानं लहबीबला मिठी मारली आणि निरीक्षकांची पर्वा न करता त्याच्या कानात बोलला.

“कुणाला आत घेतलंस, लहबीब?”

लहबीबनं त्याची पाठ थोपटली. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटायला लागलं होतं. यादी पूर्ण झाली, कुळ शाबूत राहिलं, एकही नाव गळालं नाही. भाऊ म्हणा, सोंग म्हणा, जे काय होतं ते आपलं मत घेऊन गेलं. तो ताठ मानेनं बाहेर आला आणि चटईवर पाय ठेवला.

चटई रिकामी होती. त्याच्या वहाणा तिथं नव्हत्या.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. ड्रायव्हर गाडीत खोकी भरत होता. त्यानं कुणाला वहाणा नेताना पाहिलं नव्हतं. शेखच तर मघाशी निघून गेले ना, तो म्हणाला, आणि मग गोंधळून हसला. झाडलेल्या वाळूवर एक माग छावणीकडे गेला होता. टायरचे तळवे, आणि उजवी टाच ओढलेली.

त्या मागावर लहबीब किती वेळ उभा राहिला ते त्याला सांगता आलं नसतं. मग त्यानं फडकं तोंडाभोवती गुंडाळलं आणि गाडीची वाट न बघता निघाला. घर दीड मैल होतं. पहिल्या शंभर पावलांत तळवे फाटले. दुपारची वेळ, सगळे तंबू बंद, माळावर चिटपाखरू नव्हतं. माग त्याच्या पुढे सरळ चालला होता, कुठे रेंगाळला नव्हता, कुठे चुकला नव्हता. पाण्याच्या टाकीपाशी लहबीब ज्या बाजूनं वळायचा त्याच बाजूनं वळला होता. पळायची ताकद नव्हती तरी तो पळाला. सुएलमा, सुएलमा, असं म्हणत होता, पण तोंडातून नुसती हवा बाहेर पडत होती.

तंबूच्या दाराशी त्याच्या वहाणा ठेवलेल्या होत्या. शेजारी शेजारी, बोटं बाहेरच्या बाजूला करून, तो ठेवायचा तशाच. आतून पेल्यात चहा उंचावरून पडल्याचा आवाज येत होता. सुएलमा कशाला तरी हसली. बऱ्याच वर्षांत ती अशी हसली नव्हती.

पडद्याला हात लावायचा धीर त्याला झाला नाही. बाहेर उभं राहून, रीतीप्रमाणे, त्यानं सलाम केला. तो आवाज इतका कोरडा होता की त्याचा त्यालाच परका वाटला.

“कोण आहे?” सुएलमानं आतून विचारलं.

“मी. लहबीब.”

ती पुन्हा हसली. “शेख तर केव्हाचे येऊन बसलेत.” मग तिचा आवाज आतल्या बाजूला वळला, प्रेमानं, जरा चेष्टेनं. “बघा तरी, दारात कुणी अनवाणी उभं आहे. तुमचंच नाव सांगतोय. ओळखता का?”

तबकात पेला ठेवल्याचा आवाज झाला. मग चार हजार शंभर वेळा न अडखळलेला तो खणखणीत आवाज आतून आला.

“ओळखत नाही.”